गुऱ्हाळावर तास: गावच्या धंद्याची केस कशी लिहावी

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी एमबीएच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना गुऱ्हाळावर घेऊन जाते. सोबत दोन वजनकाटे, लांब दांड्याचा एक थर्मामीटर, चार जाड वह्या आणि प्रत्येकाचा डबा. लॅपटॉप संस्थेतच ठेवायचे. कोल्हापूरजवळच्या एका संस्थेत मी एकोणीस वर्षं शिकवते आहे, त्याआधी सहा वर्षं साखर कारखान्याच्या कॉस्टिंग विभागात होते. माझ्या वडलांचंही गुऱ्हाळ होतं. ते बंद झालं तेव्हा त्याचा हिशोब कुणीच मांडलेला नव्हता, आम्हीही नाही. म्हणून हे लिहिते आहे. जिल्ह्याच्या, तालुक्याच्या ठिकाणी व्यवस्थापन शिकवणाऱ्या शिक्षकांना आपल्या गावच्या धंद्यावर मुलांसोबत केस (वर्गात चर्चेला घ्यायचा, खऱ्या धंद्यातल्या एका निर्णयाचा लिहून काढलेला प्रसंग) लिहायची असेल तर ती कशी लिहावी, हे मला जमलं तसं सांगते.

आधी थोडी पार्श्वभूमी. आपल्याकडे हे शिक्षण आलं तेच पाहुणं म्हणून. १९६१ साली अहमदाबाद आणि कलकत्त्याच्या व्यवस्थापन संस्था (आयआयएम) निघाल्या, एकीला हार्वर्डची साथ, दुसरीला एमआयटीची. मुंबईचं जमनालाल बजाज १९६५चं, त्याला स्टॅनफर्डची. केस शिकवायची पद्धत हार्वर्डकडून आली, आणि ती पद्धत उत्तमच आहे. पण पद्धतीबरोबर केसेसही तिकडच्याच येत राहिल्या. १९७९ मध्ये वर्गीस कुरियन यांनी आणंदला ‘इर्मा’ ही ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था काढली आणि मुलांना शिक्षणाचाच भाग म्हणून खेड्यात राहायला पाठवलं. तो रस्ता तेव्हापासून मोकळा आहे. आपण फार थोडे त्यावरून गेलो.

आता मात्र जावं लागणार आहे, आणि त्याची कारणं भावनिक नाहीत. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२१ मध्ये व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवालाचा नमुना आणला. बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना तो २०२२–२३ पासून सक्तीचा झाला. वीज किती, पाणी किती, कचरा किती, कामगारांना इजा किती, सगळं त्यात लिहायचं. मोठ्या कंपनीला हे विचारलं की ती तेच आपल्या पुरवठादाराला विचारते. आमच्या शिरोलीच्या, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांच्या, म्हणजे धातूचं ओतकाम करणाऱ्यांच्या, टेबलावर असे तक्ते येऊ लागले आहेत: एक टन कास्टिंगला किती युनिट वीज, वापरलेल्या वाळूचं काय करता? मालक तो कागद घेऊन आपल्याकडच्या एमबीए झालेल्या पोराकडे बघतो, आणि पोराला शाश्वत विकासाची सतरा उद्दिष्टं पाठ असतात, पण मीटरवरची युनिटं टनांनी कशी भागायची ते माहीत नसतं.

दुसरं कारण अजून जवळचं. प्रोजेक्ट अहवाल विकत मिळतात हे आपण सगळे वर्षानुवर्षं जाणून होतो. झेरॉक्सच्या दुकानात नाव बदलून बांधून मिळायचे. आता दुकानापर्यंतही जावं लागत नाही, एआयचं यंत्र दहा मिनिटांत ऐंशी पानं लिहून देतं आणि ती बऱ्यापैकी शुद्ध असतात. अशा वेळी अहवाल तपासून मार्क देणं म्हणजे कशाला मार्क देणं, हा प्रश्न मला दोन वर्षं झोपू देत नव्हता. एका जानेवारीत एका मुलीने मला तिची गुऱ्हाळावरची वही दाखवली. पानाला राब, म्हणजे कढून दाटलेला रस, लागली होती, आकडे खोडून पुन्हा लिहिले होते, कडेला लिहिलं होतं: ‘मोळी क्र. ४१ निसटली, पुन्हा तोलली.’ ती वही बघितली आणि मार्क कशाला द्यायचे ते मला कळलं.

धंदा निवडताना

मोठं नाव शोधू नका. मी चार गोष्टी बघते. कच्चा माल आत येतो तिथपासून तयार माल बाहेर जातो तिथपर्यंत एका दिवसात, एका जागी उभं राहून डोळ्यांनी दिसलं पाहिजे. मालक स्वतः तिथे असला पाहिजे, व्यवस्थापकाशी बोलून केस होत नाही. माल किलोत, लिटरात, नगात मोजता आला पाहिजे. आणि मालकाला खरोखर सतावणारा, त्याने अजून न सोडवलेला एक प्रश्न असला पाहिजे. यशोगाथा घेऊ नका. जे ठरून गेलं आहे त्यावर वर्गात चर्चा काय करणार?

आमच्याकडे गुऱ्हाळ, फाउंड्री, इचलकरंजीचे माग, हुपरीची चांदी, चपला बनवणारी घरं या सगळ्या जागा यात बसतात. तासगावला बेदाण्याचं शेड आहे, लासलगावला कांद्याची चाळ, वेंगुर्ल्याला काजूचा कारखाना, जळगावला डाळ मिल, सोलापूरला टॉवेल. ज्या गावात संस्था आहे त्या गावात धंदा आहेच.

वेळेचं मात्र आधी बघा. गुऱ्हाळाचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि उन्हं तापेपर्यंत चालतो, म्हणून ते दुसऱ्या सत्रालाच जमतं. विषम सत्रात करायचं असेल तर फाउंड्री किंवा माग घ्या, ते बारमाही. नव्या श्रेयांक पद्धतीत प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला तीस तास धरतात. दोन क्रेडिटचं काम असेल तर साठ तास हातात आहेत. मी ते असे वाटते: मोजणीला चोवीस, माणसांशी बोलायला बारा, हिशोबाला दहा, लिहायला दहा, आणि मालकाला वाचून दाखवायला चार. लिहायला एवढेच तास का, असं सहकारी विचारतात. मोजणी नीट झाली असेल तर तेवढे पुरतात.

परवानगी

याबाबतीत माझ्या हातून चूक झाली आहे, म्हणून सविस्तर सांगते. तिसऱ्या वर्षी आमच्या मुलांनी फार छान हिशोब मांडला. एका क्विंटलमागे मालकाला काय सुटतं ते रुपयापर्यंत. आम्ही तो संस्थेच्या कार्यक्रमात मोठ्या पडद्यावर दाखवला. समोर बसलेल्या पालकांमध्ये एक जण बाजारात अडत करणाऱ्यांच्या घरातले होते. आठ दिवसांत मालकाला सौद्याच्या वेळी ऐकावं लागलं, ‘तुमचं भागतंय की एवढ्यात, कॉलेजच्या पोरांनीच सांगितलंय.’ मालक मला काही बोलले नाहीत. मी भेटायला गेले तर चहा दिला. पण पुढच्या वर्षी ‘यंदा राहू द्या बाई’ म्हणाले, आणि ते बरोबरच होतं.

तेव्हापासून नियम असा. पहिल्या भेटीत मुलं न्यायची नाहीत, आपण एकट्यानेच जायचं. काय मोजणार, काय लिहिणार, कुणाला दाखवणार हे सांगायचं. गावाचं आणि माणसाचं नाव बदलायचं. पैशाचे आकडे एका ठरावीक गुणकाने गुणून टाकायचे, म्हणजे प्रमाण तेच राहतं पण खरा आकडा बाहेर जात नाही. आणि लिहून झालेली केस मालकाला मराठीत मोठ्याने वाचून दाखवायची, तिथेच, त्यांच्या कट्ट्यावर बसून. ते ‘हे काढा’ म्हणाले तर काढायचं, वाद घालायचा नाही. खाली ते दोन ओळी लिहून सही करतात, ती वहीत चिकटवायची.

एक आदण पूर्ण मोजा

काहिलीत, म्हणजे रस कढवायच्या मोठ्या कढईत, एका वेळी जेवढा रस कढतो त्याला आदण म्हणतात. एक आदण म्हणजे आमच्यासाठी एक बॅलन्सशीट. मुलांच्या चार तुकड्या करते: एक चरकाजवळ, एक चुलाणाच्या तोंडाशी, एक काहिलीजवळ, एक वाफ्याजवळ, जिथे गूळ ओततात आणि रवे, म्हणजे मोठ्या ढेपा, घालतात. प्रत्येक तुकडी फक्त मोजते. मत नोंदवायचं नाही, ‘जास्त’, ‘चांगलं’, ‘अंदाजे’ हे शब्द वहीत चालत नाहीत.

मागे एका हंगामात मोजलेलं एक आदण सांगते. ऊस मोळ्या-मोळ्यांनी तोलला, तो भरला २,०४० किलो. रस निघाला १,२५० किलो. इथे एक चूक हमखास होते: रस पिंपाने मोजतात आणि लिटर म्हणजेच किलो धरतात. रस पाण्यापेक्षा जड असतो, लिटरला साधारण १.०७ किलो. पिंप एकदा रिकामं आणि एकदा भरलेलं तोलून घ्या, प्रश्न मिटतो. रस काढून उरलेली ओली चिपाडं ७७५ किलो. बेरीज उसाच्या वजनाला पंधरा किलो कमी पडते, ते सांडलं, उडालं. तेवढी तफावत मी मान्य करते. साठ-सत्तर किलोंची आली तर आदण पुन्हा मोजायला लावते.

मळी, म्हणजे रस कढताना वर येणारा मळ, निघाली ३८ किलो, गूळ झाला २२६ किलो. आता मुलांना एकच प्रश्न विचारायचा: बाकीचं कुठे गेलं? १,२५० मधून ३८ आणि २२६ वजा केले की उरतात ९८६. तेवढं पाणी. जवळपास हजार लिटर पाणी तीन तासांत उकळून हवेत गेलं, आणि ते घालवायला जाळ घालावा लागला. हा आकडा फळ्यावर नाही, काहिलीशेजारी उभं राहून निघाला पाहिजे. वाफ तोंडावर येत असताना मुलांना कळतं की या धंद्यात आपण गूळ करत नाही, पाणी काढत असतो, आणि खर्चाची खरी जागा चुलाण आहे.

थर्मामीटरचंही सांगायला हवं. पहिल्या वर्षी आम्ही लांबून नेम धरून तापमान सांगणारं पिस्तुलासारखं यंत्र नेलं होतं. ते फेसाचं आणि वाफेचं तापमान दाखवत राहिलं, शंभराच्या आतच. गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, तेव्हा काहील उतरवायच्या तयारीत होता. त्याने कढत्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकला, बोटांत फिरवून गोळी केली, ती कढईच्या काठावर मारून आवाज ऐकला आणि म्हणाला, ‘अजून दोन मिन्टं.’ लांब दांड्याचा थर्मामीटर पाकात बुडवला तर गूळ उतरतो ११८ अंशांच्या आसपास. शिक्षकांनी इतकं लक्षात ठेवावं की साधन कुठे चुकतं हे मुलांना आधी कळू द्या. ‘यंत्राने दाखवलं’ हे वाक्य नोकरीत त्यांना फार महागात पडू शकतं.

चिपाडाचा हिशोब

चिपाडं वाळवून चुलाणात घालतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, उसाचंच जळण, उसालाच जाळ, किती छान चक्र आहे. आमच्या पहिल्या अहवालात असंच लिहिलं होतं, वर ‘इंधन उरते’ असंही. ओली चिपाडं तोलून आम्ही तसाच आकडा धरला होता. मालकांनी वाचून विचारलं, ‘उरतं तर मग मी लाकडं कशाला घेतो?’

तेव्हापासून एक किलो ओली चिपाडं वेगळी काढून पत्र्यावर पसरतो, तीन दिवस कडक उन्हात वाळवतो आणि पुन्हा तोलतो. आमचं भरलं ५६० ग्रॅम. म्हणजे ७७५ किलो ओल्यातून ४३४ किलो वाळलेलं जळण. त्या आदणाला चुलाणात घातलं ४५५ किलो. एका आदणाला एकवीस किलोंची तूट. दिवसाला पाच आदणं निघतात, म्हणजे रोज साधारण शंभर किलोंची.

ती तूट कशाने भरून निघते हे आम्ही विचारलं नाही. चुलाणामागे जुन्या टायरांचे तुकडे पडलेले मुलांना दिसले. एका मुलाने फोटो काढायला फोन वर केला, मी खाली घ्यायला सांगितलं. संस्थेत परतताना बसमध्ये सगळे मालकांना नावं ठेवत होते. मला तो राग कळत होता. टायरचा काळा धूर मीही लहानपणी बघितला आहे, तो कपड्यांना आठवडाभर सोडत नाही. पण नावं ठेवणं हा अभ्यास नव्हे. दुसऱ्या दिवशी वर्गात मी फळ्यावर एवढंच लिहिलं: ‘तूट १०० किलो. का?’

शोधायला मुलांना दोन आठवडे लागले. तीन कारणं निघाली. डिसेंबरात अवकाळी पाऊस झाला होता आणि उघड्यावर पसरलेली चिपाडं भिजली होती, ओलं जळण बरीच आंच स्वतःलाच वाळवण्यात घालवतं. चुलाणाच्या एका अंगाला भेग होती, तिथून जाळ वाया जात होता. आणि तिसरं, जाळ घालणाऱ्या गड्याला घरी जायची शेवटची एसटी गाठायची घाई असायची, म्हणून शेवटच्या आदणाला तो जळण रेटून घालायचा. वेळापत्रक बघून मुलांनी ते पडताळलं. पाचव्या आदणाचं जळण इतर चारांपेक्षा जास्त भरत होतं.

त्यानंतर मुलांनी दोन तक्ते मांडले. एकात टायर आणि लाकडाचा हंगामाचा खर्च, दुसऱ्यात जाड ताडपत्री, भेग बुजवायची मजुरी आणि गड्याला सोडायला दुचाकीचं पेट्रोल. मालकांनी दुसरा तक्ता घडी घालून खिशात ठेवला. ताडपत्री आली, भेग बुजली, दोन हंगाम टायर दिसले नाहीत. तिसऱ्या वर्षी पाऊस लांबला आणि मला पुन्हा दोन तुकडे दिसले. तेही केसमध्ये लिहिलं आहे.

कार्बन मोजाच, पण तिथे थांबू नका

कार्बनचा हिशोब मुलांना यायलाच हवा, तो आता रोजगाराचा भाग आहे. आपल्याकडे ग्रीडच्या एका युनिट विजेमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, एक लिटर डिझेलमागे साधारण २.७ किलो. चरकाच्या मोटरीने त्या आदणाला सोळा युनिटं खाल्ली: अकरा किलो. ऊस आणणाऱ्या ट्रॅक्टरला दोन लिटर डिझेल: साडेपाच किलो. चिपाडाच्या जाळातून निघणारा कार्बन उसाने हवेतूनच घेतलेला असतो, म्हणून तो वेगळ्या ओळीत दाखवायचा, बेरजेत मिसळायचा नाही. टायर जाळला तर मात्र तो खनिज इंधनाच्याच रांगेत.

बेरीज बघून मुलं हिरमुसली. सव्वादोनशे किलो गुळामागे सतरा किलोंच्या आत! म्हणजे हा धंदा टिकाऊ आहे, असं एकाने लिहूनही टाकलं. मला तिथेच त्यांना अडवावंसं वाटलं, पण त्याआधी एक मुलगी बोलली. तिने कामगारांशी बोलताना, कुणीही सांगितलेलं नसताना, वहीत एक जादा रकाना आखला होता: वय. गुळव्या एकसष्ट. मळी काढणारा अठ्ठावन्न. जाळ घालणारा त्रेपन्न, आणि त्याला रात्री खोकला झोपू देत नाही. चरकावरचा सर्वांत तरुण, शेहेचाळीस. यांच्यापैकी एकाचाही मुलगा या कामात नाही.

वर्गात बराच वेळ कुणी काही बोललं नाही. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यावर आम्ही दरवर्षी स्लाइड दाखवतो. पण काहील कधी उतरवायची ते सांगणारी बोटं दहा वर्षांनी कुणाची असणार आहेत, हे कुठल्याच स्लाइडवर नव्हतं. तेव्हापासून आमच्या प्रत्येक केसला तीन तक्ते असतात: किलोंचा, रुपयांचा आणि वयाचा. फाउंड्रीत मोल्डरचं वय, मागावर कांडी भरणाऱ्या बाईचं, चपलेच्या घरात शिवणाऱ्या हातांचं. तिसरा तक्ता सोडू नका. माझ्या मते टिकावाचा सर्वांत खरा आकडा तोच आहे.

लिहिताना

केस सहा ते आठ पानांची पुरे. सुरुवात इतिहासाने करू नका. मालक एका ठरावीक दिवशी एका निर्णयापुढे उभा आहे, तिथून सुरू करा. आमच्या केसची पहिली ओळ अशी आहे: ‘मकरसंक्रांतीच्या आदल्या दिवशी, शाहू मार्केट यार्डातला सौदा आटपून परतताना दादांनी ठरवलं की पुढच्या हंगामाचं काय ते या महिन्यातच ठरवायचं.’ त्यांच्यापुढे तीन वाटा होत्या: ऊस सरळ कारखान्याला घालायचा आणि गुऱ्हाळ थांबवायचं, किंवा मोठे रवे सोडून घरगुती गिऱ्हाइकासाठी एक किलोच्या ढेपा आणि रसायनाशिवायचा गडद गूळ करायचा, किंवा आहे तसंच चालवून चुलाण सुधारायचं. गुळाला पिवळाधमक रंग आणायला हायड्रॉस हे रसायन वापरतात हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तसा रंग मागणारी गुजरातची बाजारपेठ आमचं मोठं गिऱ्हाईक आहे. गडद गूळ आरोग्याला बरा म्हणून शहरात चांगल्या दराने जातो, पण किती जातो? तो आकडा केसमध्ये नाही. मुलांनी तो मागायला हवा.

निर्णय काय झाला ते केसमध्ये लिहायचं नाही. ते शिक्षकाच्या टिपणात.

भाषेचं सांगते. वहीतली नोंद मराठीत, जशी माणसं बोलली तशीच. विद्यापीठाला अहवाल इंग्रजीत लागतो, तो नंतर होतो. पण आदण, रवा, मळी, वाफा, अडत हे शब्द इंग्रजी मजकुरातही तसेच ठेवायचे आणि शेवटी शब्दांचं एक पान जोडायचं. एका बाहेरच्या परीक्षकांनी ते खोडून ‘बॅच’ लिहायला सांगितलं. मी नम्रपणे नाही म्हणाले. बॅच कितीचीही असते, आदण त्या काहिलीचं असतं.

आणि मार्क. शंभरातले चाळीस वहीला, वीस हिशोबाला, वीस लिहिलेल्या केसला, वीस मालकापुढे वाचून दाखवण्याला. यंत्राची मदत लिहिताना घेतली तर मी हरकत घेत नाही, घेतली असं सांगायचं एवढंच. व्याकरण सुधारेल, परिच्छेद जुळवेल, जुळवू दे. एक्केचाळिसावी मोळी त्याने तोललेली नाही.

वर्गात चालवताना

केस आदल्या दिवशी वाचून यायला सांगा. तासाला पहिला प्रश्न ‘समस्या कोणती’ हा विचारू नका, त्याला सगळे पुस्तकातलं उत्तर देतात. मी विचारते, ‘तुम्ही दादा आहात. उद्या सकाळी सहाला गडी येणार. त्यांना काय सांगाल?’ एकजण म्हणाला, ‘गुऱ्हाळ बंद.’ मग वयाचा तक्ता काढायला लावला: त्रेपन्नाव्या वर्षी त्या गड्याला दुसरं काम कोण देणार? दुसरी म्हणाली, ‘एक किलोच्या ढेपा.’ मग रवे घालणाऱ्याचे तास मोजायला लावले: दोनशे सव्वीस किलोंच्या दोनशे सव्वीस ढेपा, तेवढ्याच वेळात होतील का? प्रत्येक मताला मोजणीतल्या एखाद्या आकड्यापाशी आणून उभं करायचं, शिक्षकाचं काम तेवढंच. पंचाहत्तर मिनिटांत मी स्वतः दहा मिनिटांपेक्षा जास्त बोलले तर तास बिघडला असं धरते.

ज्यांनी मोजणी केली ते आणि ज्यांनी नुसती केस वाचली ते, असे दोन्ही वर्ग एकत्र बसवा. फरक तुम्हाला पाचव्या मिनिटाला ऐकू येईल.

पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच

नवं वर्ष, नवी केस, असं करू नका. त्याच जागी परत जा, तेच आदण पुन्हा मोजा. आमच्याकडे एका गुऱ्हाळाची सलग सहा हंगामांची नोंदवही आहे. अशी वही शेजारच्या पाच संस्थांकडे असती तर चुलाण सुधारायला किती लागतं आणि किती वाचतं हे आपण कर्जाच्या अर्जाला जोडू शकलो असतो. ही वही मालकाकडेही असली पाहिजे, म्हणून दरवर्षी एक प्रत त्यांना देते. ती ते बँकेत घेऊन गेले होते, असं मला त्यांच्या सुनेकडून कळलं.

जायच्या आधी दोन कामं. वजनकाटा प्रमाणित वीस किलोच्या मापाने तपासून घ्या, गेल्या वर्षी आमचा एक काटा तीनशे ग्रॅम जास्त दाखवत होता. आणि मालकांना फोन दसऱ्याच्या आसपास करा. एकदा तोड सुरू झाली की त्यांना बोलायला सवड नसते.